तिसरं निदल

गेंद या वनस्पतीचं मादीफूल सोडवताना माझा हात आता थरथरतो. फूल जेमतेम दोन मिलिमीटरचं. वाळलेला गोंडा उकळून फूल ग्लिसरिनच्या थेंबात घेतलं, की निदलं, म्हणजे फुलाची बाहेरची दलं, काचेसारखी होतात, सुई टेकताच सरकतात. दोन पटकन दिसतात. घोडं अडतं ते तिसऱ्यापाशी. काही प्रजातींत ते आक्रसून नुसता धागा उरतो, तळाशी चिकटलेला. तो दिसला नाही, तर मुळात नव्हता की माझ्याच सुईने तुटला? प्रकाश तिरका पाडून पाहिला, रंग घालून पाहिला, सुया बदलल्या. तीस वर्षं मी या धाग्यापाशीच आहे.

निदलं किती, यावरही प्रजाती ठरते. आम्हा वनस्पतिशास्त्रज्ञांतले काही जण एकच फूल उघडतात आणि तेवढ्यावर नवी प्रजाती जाहीर करतात. मला त्याचा संताप येतो. पण तो संताप निखळ नाही. थिओडोर कुक मूळचे इंजिनिअर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. त्यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ, 1901 ते 1908 या काळात निघाला. एमएस्सीला तो पहिल्यांदा हाती आला तेव्हा वर्णनं बाजूलाच राहिली; झाडांच्या नावांपुढे छापलेली माणसांची नावं मी वाचत सुटलो. तिथे आपलं नाव यावं म्हणून मी या शास्त्रात आलो. मुलाखतीत मात्र निसर्गाची ओढ सांगितली होती.

यंदा माझी विद्यार्थिनी फेलोशिपचा अर्ज दाखवायला आली. संशोधन का करायचंय, या रकान्यात जैवविविधता, संवर्धन, सगळं रीतसर. म्हटलं, ‘‘खरं कारण सांग.’’

ती घुटमळली. ‘‘सर, रागावू नका. कासच्या सड्यावरच्या गेंदाच्या तुमच्या जुन्या हर्बेरियम शीटवर निदलं दोन लिहिलीयत. मी त्याच गोंड्यातली बारा फुलं सोडवली. बाराही फुलांत तिसरं आहे. ते दिसल्यापासून मला दुसरं काही करावंसंच वाटत नाही.’’

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. होतं.

ती शीट मी दोन दिवस माझ्या कपाटात ठेवली. तपासतोय, असं तिला सांगितलं. तपासायचं काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नवी चिठ्ठी तिलाच लिहायला दिली. हर्बेरियममध्ये जुनी चिठ्ठी काढत नाहीत, नवी शेजारी लावतात. माझ्या अक्षरातली तिथेच आहे, सहीसकट. डिंक लावताना तिचा हात जराही हलला नाही.