अप देअर, कॅझाली!

मेलबर्न, जुलै

ती. दादांस सा. न. वि. वि.

बॉक्सिंग डेच्या कसोटीचं आपलं एमसीजी सध्या फुटीवाल्यांच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलवाल्यांच्या, ताब्यात आहे. एका बाजूला अठरा गडी, लंबगोल चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांची अंगं जडावू नयेत म्हणून १८५८-५९ मध्ये हा खेळ याच शहरात आकाराला आला. लांबून आलेली किक अधांतरी झेलली की ‘मार्क’. मग झेलणाऱ्याला निवांत किक मारू द्यायची. त्यामुळे सगळी झोंबाझोंबी हवेत! शेजारचे आजोबा प्रत्येक उंच उडीला ओरडत, “अप देअर, कॅझाली!” मी विचारलं, कितव्या नंबरचा हा खेळाडू? आजोबा पोट धरून हसले.

रॉय कॅझाली जन्मला १८९३ मध्ये, इथल्याच अल्बर्ट पार्कात. १९११ मध्ये सेंट किल्डा संघाच्या मुरलेल्या खेळाडूंनी संप पुकारला आणि या पोराला संधी मिळाली. १९२१ मध्ये तो साउथ मेलबर्नला गेला. उंची पाच फूट अकरा इंच. रकमनला, म्हणजे उंच चेंडूवर झेपावणाऱ्या गड्याला, ही काही फार नव्हे. पण घरच्या शेडमध्ये चेंडू टांगून तो उड्यांचा सराव करी. उडताना छाती भरून श्वास घेतला की अंग आणखी वर जातं, अशी त्याची समजूत. शास्त्र काय म्हणेल ते म्हणो, माणूस वर जाई खरा. जोडीदार फ्रेड फ्लायटर प्रतिस्पर्ध्यांना अंगाने रेटून त्याला वाट करून देई आणि ती हाक मारी. पुढे प्रेक्षकांनीच ती उचलली.

काल त्याचं जुनं मैदान पाहिलं. तळ्याकाठचा १९२६ चा प्रेक्षकमंडप शाबूत आहे, पण मैदानात आता धावण्याचा ट्रॅक. साउथ मेलबर्नचा संघ १९८२ मध्येच सिडनीला गेला. लोक मात्र बोलताना अजून ‘आमचा साउथ’च म्हणतात.

होबार्ट

दादा, कॅझालीच्या मागोमाग टास्मानियात आलो म्हणा ना! १९२८ पासून तो इथे खेळला, पुढे इथल्या संघांना शिकवलं, दुखावलेल्या अंगांवर उपचार केले, घोडे तयार केले आणि १९६३ मध्ये याच शहरात वारला. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैनिक चढाई करताना त्याच्या नावाने आरोळी ठोकत. त्याच्यावरचं माइक ब्रेडीचं गाणं १९७९ चं. ते काही त्याच्या कानावर पडलं नाही.

आकडेवाल्यांना चुटपुट लागेल असं एक सांगतो: सेंट किल्डाकडून सामने ९९, साउथ मेलबर्नकडूनही ९९. शंभरी कुठेच नाही. तरी १९९६ मध्ये या खेळाचं हॉल ऑफ फेम निघालं, तेव्हा ‘लीजंड’च्या पहिल्याच यादीत त्याचं नाव होतं.

तुमच्या व्हॉलीबॉलच्या पोरांसाठी गोठ्याच्या आढ्याला एक चेंडू टांगून ठेवा. वहिनींना नमस्कार.

आपला,
बाळू