हाडातील पोकळी

'पोकळ' या शब्दावर मराठी भाषेने फारसे प्रेम केलेले नाही. पोकळ डौल, पोकळ आश्वासन, पोकळ बढाई. जे आतून रिते ते खोटे, अशीच आपली सर्वसाधारण समजूत आहे. याउलट एखाद्याचा गौरव करायचा झाला तर आपण त्याला 'हाडाचा शिक्षक' किंवा 'हाडाचा शेतकरी' म्हणतो. जणू हाड म्हणजे आतबाहेर भरीव आणि घट्ट असे काही असावे. वस्तुतः ज्या हाडाची आपण ही थोरवी गातो, ते मांडीचे, पायाचे वा दंडाचे लांब हाड आतून पोकळच असते.

ही पोकळी आम्हां तिघा भावंडांना लहानपणी ठाऊक होती, ती ताटातली. रविवारच्या मटणाच्या रश्शातील नळी कोणाच्या वाट्याला येते यावरून आमच्यात भांडणे होत. नळी ताटावर आपटायची आणि आतला मऊ, तुपकट गर ओढून घ्यायचा. या गराला मज्जा म्हणतात आणि आयुर्वेदाने तिला शरीराच्या सात धातूंत सहावे स्थान दिले आहे, हे पुढे वाचनात आले. परंतु ही पोकळी माणसाच्या काय उपयोगाची, याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर २०२२ च्या पावसाळ्यात आला. त्या आषाढात आई मागील दारी शेवाळावर घसरली आणि तिच्या मांडीचे हाड मधोमध मोडले. तेव्हा तिचे वय ७८ होते.

डॉक्टरांनी सांगितले की, हाडाच्या पोकळीत धातूची सळई घालावी लागेल. ते ऐकून थोरले मामा अस्वस्थ झाले. "अरे, ह्या वयात तिच्या हाडात सळई ठोकणार? हाडवैद्याकडे न्या, पट्ट्या बांधून घ्या." मामांची भीती निराधार नव्हती. डॉक्टरांनी स्वतःच बजावले होते की, सळई आत जाताना मज्जेतील चरबीचे कण रक्तात मिसळून फुफ्फुसापर्यंत पोहोचू शकतात. असे क्वचित घडते, पण घडले तर जिवावर बेतते. दुसरीकडे आमच्या आजोबांची आठवण होती. त्यांचेही मांडीचेच हाड मोडले होते. त्या काळच्या उपायाप्रमाणे पायाला वजने लटकवून त्यांना तीन महिने खाटेवर निजवून ठेवले. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ साठला आणि आजोबा त्या खाटेवरून पुन्हा उठलेच नाहीत. एका बाजूला सळई, दुसऱ्या बाजूला खाट. त्या रात्री आम्हांला निर्णय घेता आला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हांला समोर बसवून कागदावर हाडाचे चित्र काढले. दोन्ही टोकांना गाठीसारखे फुगीर भाग, त्यांत जाळीदार हाड. मधला दांडा मात्र नळीसारखा, बाहेरून जाड व कठीण भिंत आणि आत मज्जेने भरलेली पोकळी. ती पोकळी का, याचे उत्तर गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिले होते. तेवढ्याच वजनाचा भरीव दांडा आणि पोकळ नळी घेतली, तर वाकवणाऱ्या भारापुढे नळी अधिक टिकते. वाकताना ताण येतो तो मुख्यतः बाहेरच्या कडांवर. गाभ्याला फारसे काम नसते. आमच्या वाडीतील बांबू वादळवाऱ्यात उभा राहतो तोही याच न्यायाने.

निसर्गाने ही मोकळी जागा वायाही घालवलेली नाही. रक्ताचे जन्मस्थान मज्जेत आहे, हे जर्मन वैद्य अर्न्स्ट नॉयमान यांनी १८६८ मध्ये दाखवून दिले. जन्मतः आपल्या सर्व हाडांतील मज्जा तांबडी, म्हणजे रक्त घडवणारी असते. वय वाढते तशी लांब हाडांच्या दांड्यातील मज्जा पिवळी, चरबीयुक्त होते. रक्त घडवण्याचे काम मणके, बरगड्या, छातीचे व कमरेचे हाड अशा ठिकाणी चालू राहते. प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी जन्माला येतात. दीर्घकाळ रक्ताची मोठी तूट पडली, तर पिवळी मज्जा पुन्हा तांबडी होऊन कामाला लागते. उतारवयात मात्र हाड आतून झिजते, भिंत पातळ होते आणि पोकळी रुंदावते. आईच्या एक्स-रेमध्ये ते स्पष्ट दिसत होते.

या पोकळीचा उपयोग मोडलेल्या हाडाला आधार देण्यासाठी करावा, हा विचार जर्मनीतील कील येथील शल्यविशारद गेरहार्ट क्युंचर यांनी पुढे नेला. १९३९ साली त्यांनी रुग्णाच्या मांडीच्या हाडात पोलादी सळई बसवली. महायुद्धानंतर जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या सैनिकांच्या मांड्यांत अशा सळया पाहून अमेरिकन डॉक्टर चकित झाले होते. सळई हाडाच्या मधोमध, शरीराचा भार जेथून जातो त्या रेषेजवळ असते. म्हणून रुग्णाला लवकर उभे करता येते.

आम्ही हे सारे आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मामाही तेथेच होते. ती म्हणाली, "मला खाटेवर जपून ठेवू नका. माझ्या बापाला तसेच जपले होते. मला उभी करा, पुढचे देवाच्या हाती." संमतिपत्रावर तिने स्वतः सही केली. मामा त्यावर काही बोलले नाहीत. रात्री तिच्या उशाशी बसण्याची पाळी त्यांनी मागून घेतली.

खुब्याच्या वरच्या बाजूस लहानसा छेद घेऊन सळई आत सरकवण्यात आली आणि दोन्ही टोकांना स्क्रूने अडकवण्यात आली. पुढील दोन दिवस आमचे लक्ष पायाकडे नव्हतेच; बोटाला लावलेल्या यंत्रावरील प्राणवायूच्या आकड्याकडे आम्ही आळीपाळीने पाहत होतो. आकडा ढळला नाही. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून आई उभी राहिली, तेव्हा तिचे पाय थरथरत होते आणि थोरल्या मामांचे हातही. तीन महिन्यांनंतरच्या एक्स-रेत मोडलेल्या जागेभोवती नव्या हाडाचे पांढरट कडे दिसू लागले.

सळई कधी काढणार, असे मामा अजून विचारतात. या वयात ती काढण्याची गरज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आईचे म्हणणे त्याहून सोपे आहे: "आत जागा होती, तिला ठेवून घेतली. राहू दे." एवढे बोलून ती काठी उचलते आणि मोगऱ्याच्या कळ्या खुडायला वाडीत निघते.