पसरणीचा घाट आणि चाकांची सोयरीक

वाईच्या ढोल्या गणपतीला नमस्कार करून सायकल पसरणीच्या घाटाला लावली, की पाचगणीपर्यंत ५०० मीटरहून अधिक चढ! डांबरी रस्त्याला बारीक टायरची हलकी चाके झकास. पण वर पोचून जांभ्या दगडाच्या कच्च्या वाटा धुंडायच्या, तर रुंद टायरच हवा. म्हणून हौशी मंडळी एकाच सायकलीसाठी चाकांच्या दोन जोड्या बाळगतात.

मात्र सोयरीक जुळवताना पत्रिका नीट पाहावी. मागच्या हबची रुंदी चिमट्याशी जुळलीच पाहिजे : रिमवर ब्रेक लागणाऱ्या रेसच्या सायकलीला बहुधा १३० मिलिमीटर, डिस्क-ब्रेकच्या नव्या सायकलीला बहुधा १४२. मागचा दातेरी चक्रांचा संच हबवर बसणारा हवा, आणि रुंद टायर चिमट्याला घासता कामा नये.

ब्रेक रिमवर लागत असेल, तर दोन्ही रिमांचे माप एकच घ्यावे. रुंदी बदलली, तर ब्रेक पुन्हा जुळवावा. कार्बनच्या रिमला ब्रेकचे रबरही निराळे लागते.

चढावर सोयरीक फसली, तर फार तर घाम जास्त गळेल. उतारावर मात्र प्रश्न जिवाचा! कृष्णाखोऱ्याचे दर्शन घ्यायचे, तर वळणावर ठामपणे थांबता आले पाहिजे, नाही का?