आइस्क्रीमच्या गाडीतले शास्त्र

सॅम वुड दिग्दर्शित ‘अ डे ॲट द रेसेस’ (१९३७) हा अमेरिकन विनोदी चित्रपट घोड्यांच्या शर्यतीचा म्हणून ओळखला जात असला, तरी शर्यतीच्या मैदानावर ज्ञान म्हणून जे विकले जाते त्याची यथेच्छ टिंगल हाच त्याचा गाभा आहे. मार्क्स बंधूंपैकी ग्राउचो यात डॉ. हॅकनबुश म्हणून एका सॅनिटोरियमचा प्रमुख होऊन बसतो; प्रत्यक्षात तो घोड्यांचा डॉक्टर असतो.

या हॅकनबुशला ‘सन-अप’ नावाच्या घोड्यावर पैसे लावायचे असतात, तोच दुसरा मार्क्स बंधू चिको, म्हणजे टोनी, आइस्क्रीमची ढकलगाडी घेऊन आडवा येतो आणि एका डॉलरला ‘टिप’, अर्थात जिंकणाऱ्या घोड्याची आतली खबर, त्याच्या गळ्यात मारतो. टिपेच्या पाकिटातली अक्षरे लागत नाहीत म्हणून संकेतांचे पुस्तक, ते उलगडावे म्हणून आणखी एक, मग घोड्यांच्या पैदाशीचे ग्रंथ, असे ओझे वाढत जाते आणि हॅकनबुशला हात अपुरे पडू लागतात. तोवर सन-अप जिंकलेला असतो आणि टोनीने उकळलेले पैसे त्याच घोड्यावर लावलेले असतात. मग पुस्तके गाडीत कोंबून हॅकनबुश स्वतःच आइस्क्रीमची आरोळी ठोकतो, कारण फसलेल्याला फसवण्याची विद्या फुकट मिळते.

चित्रपट करणाऱ्यांनी मात्र पुस्तकी टिपेवर भरवसा ठेवला नाही. १९३६च्या उन्हाळ्यात त्यातले प्रवेश गावोगावच्या रंगमंचांवर करून, प्रेक्षक कुठे हसतात हे पाहून विनोद घासूनपुसून घेतले गेले. ज्याने हा डाव मांडला तो निर्माता आयर्व्हिंग थालबर्ग त्याच सप्टेंबरमध्ये वारला, निकाल पाहायला राहिला नाही.

शेवटची शर्यत ‘स्टीपलचेस’, म्हणजे कुंपणे व खड्डे ओलांडत धावण्याची, आहे. तीत उतरलेला हाय-हॅट हा घोडा खलनायक मॉर्गनचा आवाज कानी पडताच बिथरून उधळतो, हे त्याचे मर्म कोणत्याही टिपेत छापलेले नसते. वाटेत घोडे कोलमडतात, चिखलाने माखलेल्या स्वारांची अदलाबदल होते आणि मॉर्गनचाच घोडा पहिला आला असे सगळे धरून चालतात. चिखल पुसल्यावर कळते की जिंकलेला घोडा हाय-हॅट होता, आणि त्याच्यावर बसला होता मॉर्गनचा जॉकी.