हातोहाती फिरणारी तीर्थे

रत्नागिरी शहराच्या पश्चिमेला रत्नदुर्गाची टेकडी घोड्याच्या नालाच्या आकाराने समुद्रात शिरली आहे. तिच्या तीन बाजूंना पाणी आहे. एका अंगाला पांढऱ्या वाळूचा किनारा आहे, तर दुसऱ्या अंगाला मांडवीची काळी वाळू. बालेकिल्ल्यात भगवतीचे मंदिर असल्यामुळे रत्नागिरीकर या दुर्गाला भगवती किल्ला म्हणूनच ओळखतात. तटावरून खाली पाहिले की शेकडो मच्छीमार नौका एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या दिसतात. हेच मिरकरवाडा बंदर.

जैन यात्रेकरूंच्या वाटेवर मिरकरवाडा सहसा येत नाही. गणपतीपुळे, पावस, थिबा राजवाडा, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान असा क्रम लावून येणारी कुटुंबे किल्ल्यावरून हे बंदर दुरूनच पाहतात व परततात. कारण उघड आहे. ज्या धक्क्यावर दिवसभर मासळी उतरते आणि तिचा लिलाव चालतो, तेथे अहिंसाव्रती माणसाचे मन रमणे अवघड. तरीही आपल्या सार्वजनिक जीवनात धर्माची चिन्हे कोठे असतात, ती कोण लिहितो आणि ती कोणाच्या हातून फिरतात, हे पाहावयाचे असेल तर कोकणात याच्याइतके बोलके ठिकाण क्वचितच सापडेल.

प्रथम नौकाच पाहाव्यात. प्रत्येक नौकेवर दोन प्रकारची अक्षरे असतात. एक नोंदणी क्रमांक. तो सरकारचा, इंग्रजी आद्याक्षरे व आकडे यांचा. दुसरे नाव, ते घराचे. मिरकरवाड्यात मुस्लिम मच्छीमारांची वस्ती मोठी आहे. कोकणच्या जुन्या नोंदींतून दालदी म्हणून ज्यांचा उल्लेख येतो, तो दर्यावर्दी समाज हाच. आसपासच्या गावांतले हिंदू मच्छीमारही याच बंदराचा आसरा घेतात. त्यामुळे एका नौकेवर बिस्मिल्ला किंवा ७८६ हा आकडा, तर शेजारच्या नौकेवर कुलदेवतेचे नाव आणि त्यापुढे ‘प्रसन्न’, असा शेजार येथे कोणाला नवलाचा वाटत नाही. वादळात दोन्ही दोरखंड एकाच धक्क्याला बांधले जातात. या नौकांच्या पलीकडे, खोल समुद्रात, राज्यसंस्थाही प्रार्थनाच करीत असते. भारतीय नौदलाचे बोधवाक्य ‘शं नो वरुणः’ हे आहे. वरुण आमचे कल्याण करो, ही तैत्तिरीय उपनिषदातील याचना आहे.

मात्र मिरकरवाड्याचा खरा विषय नौकांच्या पाट्यांवर संपत नाही. तो लिलावाच्या वेळी समोर येतो. बोली थांबते, टोपली उचलली जाते आणि ओल्या, बर्फाने गारठलेल्या हातांतून नोटा फिरू लागतात. या नोटांची मागची बाजू निवांतपणे पाहणारा माणूस विरळाच. दहाच्या तपकिरी नोटेवर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चक्र आहे. वीसच्या नोटेवर वेरूळ आहे, पन्नासच्या नोटेवर हंपीच्या विठ्ठल मंदिरातील दगडी रथ, तर दोनशेच्या नोटेवर सांचीचा स्तूप. एकूण काय, सूर्य, शिव, विठ्ठल आणि बुद्ध यांची स्थाने मासळीच्या बाजारात मुठीत चुरगळली जातात, कनवटीला लागतात, पाण्यात भिजतात आणि उन्हात वाळतात. वेरूळमध्ये ३० ते ३४ क्रमांकाची लेणी जैन आहेत. नोटेवर मात्र कैलास लेण्याचे चित्र आहे, आणि त्या स्थापत्याचा मान लक्षात घेता ते योग्यच म्हणावे लागेल.

याच नोटांवर अशोकस्तंभाचे सिंहही आहेत. १९४९ साली एक रुपयाच्या नोटेवरून इंग्लंडच्या राजाची प्रतिमा गेली आणि तिच्या जागी सारनाथची सिंहमुद्रा आली. बुद्धांनी जेथे पहिला उपदेश केला, ते हे सारनाथ. जैन परंपरेनुसार हीच सिंहपुरी, अकरावे तीर्थंकर भगवान श्रेयांसनाथ यांची कल्याणकभूमी. धमेक स्तूपाजवळचे जैन मंदिर आजही त्याची साक्ष देते. मुद्रेखालचे ‘सत्यमेव जयते’ हे वचन मुंडकोपनिषदातील. म्हणजे ज्या चिन्हाला आपण केवळ सरकारी मानतो, त्यात तीन परंपरांचे पाणी मिसळले आहे.

येथे एक जुनी शंका डोके वर काढते. पवित्र प्रतिमा अशा वस्तूवर असावी काय, की जी कोणाच्याही हाती, कोणत्याही अवस्थेत जाऊ शकते? जैन घरांत ही शंका नवी नाही. लग्नपत्रिकेवर तीर्थंकरांचे चित्र छापू नये, कारण पत्रिका शेवटी रद्दीत जाते, आणि त्यातून आशातना घडते, असे साधू-साध्वी आवर्जून सांगतात. अन्य धर्मांतही ही काळजी दिसते. मोगलांच्या नाण्यांवर कलमा कोरण्याची रीत होती. औरंगजेबाने १६५९ च्या सुमारास ती बंद केली, ती याच विचाराने, की पवित्र वचनाला अपवित्र स्पर्श होऊ नये. याच्या उलट, त्याच्या कितीतरी आधी महंमद घोरीने उत्तर हिंदुस्थान जिंकल्यावर बसलेल्या लक्ष्मीची सोन्याची नाणी चालू ठेवली, कारण लोकांचा विश्वास त्या लक्ष्मीवर होता. शिवछत्रपतींच्या शिवराईवर कोणत्याही देवतेची मूर्ती नाही. राजाच्या नावाआधी केवळ ‘श्री’ आहे. आजच्या वादांत हा संयम कोणाला आठवत नाही, ही खेदाची गोष्ट.

नोटांपेक्षा टपाल तिकिटांची कथा रत्नागिरीच्या अधिक जवळची आहे. बंदरापासून थोड्याच अंतरावर थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी मंडाले येथून पदच्युत करून १८८६ साली रत्नागिरीत आणले. आपल्या बौद्ध राज्यापासून दूर, कोकणच्या पावसात त्याने तीस वर्षे काढली व १९१६ साली तो येथेच निवर्तला. दैवगती अशी, की रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना इंग्रजांनी १९०८ साली शिक्षा देऊन पाठविले ते त्याच मंडालेला. पुढे १९३५ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त हिंदुस्थान सरकारने सात तिकिटे काढली. त्यांतील आठ आण्यांच्या तिकिटावर मंडालेचा पॅगोडा होता, कारण ब्रह्मदेश अजून हिंदुस्थानातच मोडत होता. थिबाची थोरली राजकन्या तेव्हा रत्नागिरीतच दिवस कंठीत होती. जे देवस्थान तिच्या पित्याकडून हिरावले गेले, त्याचे चित्र विजेत्याच्या मुखवट्यासह टपालात फिरत होते. प्रतिमा छापणे म्हणजे सन्मान करणे असे आपण सहज समजतो. कधी कधी ती मालकीची खूण असते.

याच संचातील सव्वा आण्याच्या तिकिटावर कलकत्त्याचे जैन मंदिर होते. राय बद्रीदास यांनी बांधलेले, काचकामाने झळकणारे हे मंदिर. रामेश्वर, ताजमहाल आणि अमृतसरचे सुवर्णमंदिर यांच्या पंक्तीला ते बसले. संख्येने लहान असलेल्या समाजाला तेव्हा किती आनंद झाला असेल, याची कल्पना करता येते. पण मंदिराशेजारी छबी होती ती बादशहाची.

स्वातंत्र्यानंतर ही छबी गेली. १५ ऑगस्ट १९४९ रोजी टपाल खात्याने पुरातत्त्वविषयक सोळा तिकिटांची नित्य वापराची मालिका आणली. तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती होता. पुढे त्रिमूर्ती, बोधिसत्त्व, नटराज, सांचीचे तोरण, बोधगया, भुवनेश्वर, विजापूरचा गोल घुमट, खजुराहो, सुवर्णमंदिर, लाल किल्ला, ताजमहाल आणि कुतुबमिनार. सर्वांत वरचे, पंधरा रुपयांचे तिकीट होते पालीताण्याच्या शत्रुंजयाचे. भगवान आदिनाथांच्या या गिरिराजाला मिळालेला मान मोठा, आणि गंमत अशी, की पंधरा रुपयांत तीन पैची ९६० तिकिटे आली असती. सामान्य माणसाच्या पत्राला ते तिकीट लागण्याचा प्रश्नच नव्हता. ते जड परदेशी पार्सलांवर दिसे. मिरकरवाड्यासारख्या बंदरात एखाद्या घरी नातलगाचे पत्र आले, तर त्यावर हत्ती किंवा नटराज असण्याचा संभव अधिक. शत्रुंजयावर रात्री कोणी मुक्काम करीत नाही. सूर्यास्तापूर्वी यात्रेकरू साडेतीन हजारांच्या आसपासच्या पायऱ्या उतरून खाली येतात, वर अन्न शिजत नाही. त्या मौनाच्या पर्वताचे चित्र जगभरच्या टपालपिशव्यांत रात्रंदिवस फिरले आणि प्रत्येक वेळी त्यावर काळा शिक्का पडला.

शिक्का पडणे हा तिकिटाचा धर्मच आहे. तो न पडला तर तिकीट वापरलेच गेले नाही. म्हणून चित्र कशाचे आहे याला महत्त्व येते. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त १३ नोव्हेंबर १९७४ रोजी पंचवीस पैशांचे तिकीट निघाले. त्यावर पावापुरीचे जलमंदिर आहे. कमळांच्या सरोवरातील ती वास्तू पाहणाऱ्याला निर्वाणाची आठवण देते, आणि शिक्का पडलाच तर तो वास्तूच्या चित्रावर पडतो. मूर्ती न मानणाऱ्या स्थानकवासी व तेरापंथी बांधवांनाही ते आपलेसे वाटावे. ९ फेब्रुवारी १९८१ च्या एक रुपयाच्या तिकिटावर मात्र श्रवणबेळगोळचे भगवान बाहुबली स्वतः उभे आहेत, सहस्राब्दी महामस्तकाभिषेकाच्या वेळचे. मराठी माणसाला त्या मूर्तीचे प्रेम निराळेच आहे. चामुंडरायाने ती करविली, असे सांगणारी तिच्या पायथ्याची ओळ मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणली जाते. तरी या दोन तिकिटांत पावापुरीचे तिकीट अधिक विवेकाचे वाटते. भारताच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीत सहाव्या भागाच्या आरंभी ध्यानस्थ भगवान महावीरांचे चित्र आहे. नंदलाल बोस व त्यांच्या शिष्यांनी ती प्रत सजविली. त्या पानावर कोणी शिक्का मारीत नाही. प्रतिमेला तेथे जागा शोभते.

नाण्यांचा प्रश्न तर न्यायालयातही गेला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त २०१० मध्ये आणि पुढे वैष्णोदेवीच्या प्रतिमेसह निघालेली नाणी परत घ्यावीत, अशी याचिका झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती जानेवारी २०१८ मध्ये फेटाळली. अशा स्मारक नाण्यांनी धर्मनिरपेक्षतेला बाधा येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. २०२२ साली नोटांवर लक्ष्मी-गणपती छापावेत अशी मागणी एका मुख्यमंत्र्यांनी केली, तेव्हा इंडोनेशियाच्या १९९८ सालच्या वीस हजार रुपियाच्या नोटेवरील गणपतीचा दाखला देण्यात आला. राज्याला काय करता येते, याचे उत्तर न्यायालयाने दिले. श्रद्धावानाने काय मागावे, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा.

आणि तो प्रश्न मिरकरवाड्याच्या धक्क्यावर जैन वाचकाला सोडत नाही. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ साली भारत सरकारने पाच रुपयांचे नाणे काढले. त्यावर सर्व संप्रदायांनी १९७४ च्या महोत्सवात एकमुखाने स्वीकारलेले जैन प्रतीक आहे. त्या प्रतीकात उघडा तळवा असतो आणि तळव्यावरील चक्रात ‘अहिंसा’ हा शब्द. नाणे निघाले तेव्हा घरोघरी ते कौतुकाने जपले गेले. परंतु नाणे म्हणजे नाणेच. ते चहाच्या टपरीवर जाते, रिक्षात जाते, आणि एखाद्या सकाळी बंदरावरच्या लिलावातही जाते. ज्या तळव्यावर अहिंसा लिहिली आहे, त्याच तळव्याने मासळीची किंमत चुकती होते.

यात मच्छीमाराचा दोष नाही. तो आपल्या पोटासाठी, आपल्या परंपरेनुसार दर्यावर जातो. नाणे त्याने मागितले नव्हते. चलनावर आपले चिन्ह यावे ही इच्छा आपली. ते एकदा सर्वांच्या खिशात गेले की कोणाच्या हाती जावे हे ठरविण्याचा अधिकार राहत नाही. मिरकरवाड्याच्या नौकामालकाने आपल्या देवाचे किंवा पिराचे नाव स्वतःच्या नौकेवर स्वतः निवडून लिहिले आहे. त्या नावाची काळजीही तोच घेतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा नौका किनाऱ्यावर ओढून डागडुजी होते आणि नावे पुन्हा रंगविली जातात. नाण्यावरील अक्षरांना असा कोणी धनी नसतो.

ते पाच रुपयांचे नाणे अजूनही कधी सुट्या पैशांत हाती येते. कोणी ते देव्हाऱ्याजवळच्या डबीत ठेवतो. कोणी पाहतही नाही, आणि ते पुढच्या हातात जाते.