पंखांची डिसोटो : काही टिपणं

क्रायस्लर कंपनीची १९५७ सालची डिसोटो रात्री ओळखायची ती मागच्या दिव्यांवरून. दोन्ही बाजूंच्या पंखांत एकाखाली एक असे तीन-तीन गोल लाल दिवे. पंख मागच्या दाराच्या आसपास सुरू होतो, चढत जातो आणि टोकाला दिव्यांचा उभा मनोराच होतो. फोटोत हे भडक वाटतं. गाडीच्या शेजारी उभं राहिल्यावर मात्र छताची रेघ, काचेचा कल आणि पंखाची चढण एकाच हाताने एका दमात ओढलेली दिसते. मी घेतली ती फायरफ्लाइट, चार दारांची, मधला खांब नसलेली. चारही काचा खाली घेतल्या की गाडी या बाजूने त्या बाजूला आरपार मोकळी. लांबी साडेपाच मीटर. फिकट हिरवा आणि पांढरा रंग, कारखान्यातून आला तोच.

*

दुर्मिळ गाडी दोन प्रकारची असते. त्या सालची ॲडव्हेंचरर जन्मतःच दुर्मिळ होती : हार्डटॉप १,६५० आणि उघडणाऱ्या छताच्या फक्त ३००. ३४५ घनइंचाचं इंजिन आणि ३४५ अश्वशक्ती. ती आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नाही. बाकीच्या डिसोटो त्या वर्षी एक लाखाच्या वर बनल्या. बनल्या भरपूर, उरल्या थोड्या. मला हा दुसरा प्रकार जास्त ओढ लावतो, कारण उरण्यामागे कुणीतरी केलेली राखण असते.

*

मोटारीला पंख फुटले ते विमानावरून. १९४१ साली जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल आपल्या माणसांना घेऊन डेट्रॉइटजवळच्या सेल्फ्रिज फील्डवर लॉकहीडचं पी-३८ हे दोन शेपट्यांचं लढाऊ विमान बघायला गेले. युद्ध संपल्यावर १९४८च्या कॅडिलॅकच्या मागच्या फेंडरवर पहिला लहानसा उंचवटा आला. पण पंख आधी काढून गाडी त्याभोवती बसवल्यासारखी रचना केली ती क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्स्नर यांनी. जन्म ॲन आर्बरचा, म्हणजे मी राहते त्या डेट्रॉइट भागातून गाडीने तासाभरावर.

१९५४ साली क्रायस्लरचा धंदा पार बसला होता. गाड्या दणकट, पण उंच आणि चौकोनी. गिऱ्हाईक ढुंकून बघेना. कंपनीने प्रुडेन्शियल या विमा कंपनीकडून २५ कोटी डॉलरचं कर्ज काढलं आणि पैज लावावी तसं सगळं नव्या आकारांवर लावलं. १९५७च्या गाड्या त्यातून आल्या : बुटक्या, रुंद, पुढे झुकलेल्या. क्रायस्लरच्याच प्लिमथच्या जाहिरातीत तर १९६० साल आत्ताच उजाडल्याचा पुकारा होता.

पंखांमुळे आडव्या वाऱ्यात गाडी सरळ राहते, असा एक्स्नर यांचा दावा होता. तत्त्व खरं आहे, पण फरक जाणवायला वेग फार लागतो. मला त्या समर्थनाची गरजच वाटत नाही. पंख सुंदर आहेत, एवढं पुरे.

*

माउंड रोडवरून मी रोज कामाला जाते. जनरल मोटर्सचं टेक्निकल सेंटर याच रस्त्यावर. १९५६च्या उन्हाळ्यात तिथला एक तरुण डिझायनर, चक जॉर्डन, जेवणाच्या सुटीत गाडी घेऊन बाहेर पडला आणि क्रायस्लरच्या एका आवारात कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या नव्या प्लिमथ त्याच्या नजरेस पडल्या. बाजारात यायच्या आधीच. तो परतला आणि इतरांना घेऊन पुन्हा कुंपणाशी गेला. १९५९ सालासाठी जनरल मोटर्सची जी मॉडेलं ठरत आली होती ती बाजूला पडली, नवी आखणी झाली, आणि त्यातूनच १९५९च्या कॅडिलॅकचे ते प्रचंड उंच पंख निघाले. अर्ल परदेशात असताना ही उलथापालथ सुरू झाली. कुंपणाच्या जाळीतून पाहिलेल्या एका गाडीने सगळ्यात मोठ्या कंपनीला पाटी कोरी करायला लावली.

*

मी घेतलेली डिसोटो ॲरिझोनात होती, टूसॉनच्या बाहेर. मूळ मालक डेट्रॉइटमध्ये वायोमिंग ॲव्हेन्यूवरच्या डिसोटो कारखान्यात कामाला होते. निवृत्त झाल्यावर थंडीला कंटाळून वाळवंटाकडे गेले ते गाडी घेऊनच. विकणारी त्यांची मुलगी, आता तीही आजी झालेली. तिने किमतीआधी एकच विचारलं, “रंगवणार का?” मी नाही म्हटलं, तेव्हा तिने गराजचं दार पूर्ण वर केलं.

बघायला जाताना लोहचुंबक, टॉर्च आणि गुडघ्याखाली घ्यायला जाड फडकं नेलं होतं. या गाड्यांची दुखणी ठरलेली. पुढच्या दिव्यांवरच्या भुवईसारख्या कडेत चिखल साठतो आणि पत्रा आतून कुजतो. दारांखालची पट्टी, डिकीच्या कडेची पन्हळ, पायाखालचा पत्रा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टॉर्शन बारच्या खोबणी. पुढच्या चाकांना गुंडाळी स्प्रिंगऐवजी लांबलचक पोलादी दांड्या आहेत, पीळ घेऊन धक्का झेलणाऱ्या. गाडी वळणावर झुकत नाही ती यामुळेच. मोटर ट्रेंड मासिकाने त्या वर्षीचा मान क्रायस्लरच्या गाड्यांना दिला तो त्यांच्या वळणावरच्या पकडीसाठी. पण दांडीच्या टोकाशी चिखल-पाणी बसलं की गंज धरतो आणि उभ्या गाडीतसुद्धा दांडी तडकन मोडते.

गाडीखाली आडवी झाले. खोबणीच्या रबरी टोपीखाली ग्रीस होतं, काळं, घट्ट, पण ग्रीस. बोटाने बाजूला केलं तर खाली धातू निळसर, गुळगुळीत. कुणीतरी वर्षानुवर्षं ही टोपी काढून आत ग्रीस भरत आलं होतं. पत्र्याकडे, काचांकडे नंतर पाहिलं. मनाने गाडी तिथेच घेतली होती.

हे सगळं दुखणं घाईचं. इतका मोठा बदल कमी वेळात बाजारात आणायचा म्हणून चाचण्यांना वेळ उरला नाही. साचे नवे, जोड नीट बसेनात, पावसात डिकीत पाणी, काचेतून ठिबक, दोन हिवाळ्यांत गंज. पुढच्याच वर्षी मंदी आली आणि डिसोटोचा खप निम्म्याखाली घसरला. ३० नोव्हेंबर १९६० रोजी कंपनीने नावच बंद केलं, १९६१चं मॉडेल दुकानांत येऊन जेमतेम दीड महिना झाला असताना. ज्या धडाडीने हे पंख काढले त्याच धडाडीने पत्रा कच्चा ठेवला. ती दोन वेगळी खाती नाहीत. १९५६ साली कारखान्याला जो वेळ मिळाला नाही तो आता आपण द्यायचा, हे मला गाडी घेतानाच पक्कं ठाऊक होतं.

*

डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे. नैऋत्य भागाखाली, साडेतीनशे मीटर खोल, १९१० पासूनची. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकायचं मीठ तिथून निघतं. या शहराने गाड्या बनवल्या आणि त्या खाऊन टाकणारं मीठही पुरवलं. इथे राहिलेल्या १९५७च्या बहुतेक गाड्या साठीचं दशक संपायच्या आत भंगारात गेल्या. जन्मगावी परत आणलेली ही गाडी त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल दारातच उभी राहणार, हा करार.

*

बंद ट्रेलरमधून गाडी आली तेव्हा बाबा इथेच होते, उन्हाळ्यापुरते आलेले. सुमारे तीन हजार किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या गाडीचं एक टायर बसलं होतं. चाक काढायला जवळच्या दुकानातला मुलगा आला. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाला हवेची बंदूक लावून तो नट सोडवायला लागला. नट हलेना. त्याने जोर वाढवला.

“थांबव त्याला,” बाबा मराठीतच म्हणाले. “अगं, उलटे आटे आहेत ते.”

जवळ जाऊन त्यांनी बोल्टच्या टोकावरची धूळ अंगठ्याने पुसली. तिथे इंग्रजी एल हे अक्षर ठोकलेलं. क्रायस्लरच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत, १९७० सालापर्यंत; चाक फिरताना नट सैल पडू नये म्हणून. मुलाने पाना हाताने उजवीकडे फिरवला आणि नट सुटला. अजून चार दणके बसते तर बोल्टच तुटून हातात आला असता.

“बाबा, तुम्हाला कसं कळलं?”

“डॉजच्या ट्रकला काय वेगळं होतं? नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. डावीकडचं चाक, उजवीकडे फिरव.”

*

बाबांची नोकरी कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या. विमानाचा कारखाना, जहाजाची गोदी आणि मोटार, तिन्ही स्वप्नं त्या एका माणसाने प्रत्यक्षात उतरवायला घेतली होती. बाबा लागले तेव्हा कार म्हणजे फियाटच राहिली होती, पण डॉज, फार्गो आणि डिसोटो या नावांचे ट्रक निघत होते. माझ्या लहानपणी ‘डिसोटो’ म्हणजे ऊस भरलेला, बोनेट पुढे आलेला ट्रक. त्याच नावाची अशी मोटार असते, हे मी इथे आल्यावर पाहिलं.

आणि फियाट तरी कुठे पंखांवाचून होती? ११०० डिलाइट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, तिच्या मागच्या फेंडरची टोकं बघा. बेताचे, सरळ, काटकसरी पंख. अमेरिकेतली लाट इटलीला पोचली, तिथून कुर्ल्याला आली, आणि अमेरिकेत पंख जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावत राहिली. या आकाराने सगळ्यात जास्त काळ मुंबईत पोट भरलं, असं मला वाटतं.

बाबांनी डिसोटोच्या पंखावरून हात फिरवला, जोडावर बोट थांबवलं. “शिशाने भरलाय जोड,” म्हणाले. “आमच्याकडेही असंच भरायचे. कानशीने घासून घासून पत्र्याला मिळवायचं.” बोटांना जोड लागतच नव्हता. घाईच्या त्या वर्षातही एका कामगाराने एवढं काम जिवापाड केलं होतं.

*

गिअरला दांडा नाही. स्टीअरिंगच्या डावीकडे डॅशबोर्डवर पाच बटणं. टॉर्कफ्लाइट हा तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इतका उत्तम निघाला की त्याचे वंशज पुढे अनेक दशकं बनत राहिले. पण या बटणांत पार्किंगचं बटण नाही. गाडी उभी करायची ती केवळ हँडब्रेकवर, आणि तो ब्रेक चाकांना लागत नाही, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवरच्या ड्रमला लागतो. उतारावर चाकाखाली लाकडी ठोकळा घालायचाच. नव्या माणसाच्या हाती चावी देण्याआधी हे सांगायचं, बाकी सगळं नंतर.

*

रंग. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, कधी रंगवणार? छतावर उन्हाने रंग पातळ झालाय, उजव्या पंखाच्या टोकाशी खालचा लाल प्रायमर दिसतो. मला तो तसाच हवा आहे. नवा रंग कधीही देता येतो. कारखान्यातला रंग एकदा खरवडला की परत येत नाही. चकचकीत केलेल्या गाड्यांत मूळ कामगाराच्या हाताची खूण शोधून सापडत नाही. माझं मत पक्कं आहे : जे टिकलंय ते राखायचं, जे झिजलंय तेवढंच बदलायचं.

ब्रेक मात्र याला अपवाद. १९५७च्या मास्टर सिलिंडरमध्ये एकच सर्किट. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. अठराशे किलोंची गाडी, २९५ अश्वशक्ती, आणि रस्त्यावर दुसऱ्यांची लेकरं. तिथे दोन सर्किटांचा सिलिंडर बसणार, नळ्या सगळ्या नव्या. इंजिनाला हात लावायचा नाही. हेमी, म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षांचं इंजिन आहे, डिसोटोला ते मिळालं त्याचं शेवटचं वर्ष. स्पार्क प्लग व्हॉल्व्हच्या झाकणांच्या मधोमध नळ्यांतून आत जातात, आणि ती झाकणं पाहूनच बाबांनी बोनेट खाली घेऊ दिलं नाही.

मागचे ड्रम अजून उघडायचे आहेत. एक्सलचं टोक निमुळतं, त्यात चावी बसवलेली. साध्या पुलरला ते दाद देत नाही, हबला धरणारा भारी पुलर लागतो. नट पूर्ण काढायचा नाही, दोन आट्यांवर ठेवायचा, कारण ड्रम सुटतो तेव्हा झटक्यात सुटतो आणि समोरच्या माणसाच्या अंगावर येऊ शकतो. पुलर इथल्या एका मराठी मित्राकडे आहे, तो शनिवारी घेऊन येतोय.

मिशिगनमध्ये ऐतिहासिक गाडीची नंबर प्लेट घेतली की गाडीच्या वापरावर मर्यादा येतात, पण ऑगस्ट महिन्यात कुठेही चालवायला मोकळीक असते. वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून जुन्या गाड्यांची फेरी निघते तीही ऑगस्टमध्येच. तोवर ब्रेक झाले पाहिजेत. जुना सिलिंडर तेल पुसून, चिठ्ठी लावून, गाडीच्या कागदांबरोबर खोक्यात ठेवणार आहे. पुढच्या मालकाला मूळ स्थितीत परत न्यायची असेल तर त्याला तो मिळायला हवा.