मॅपिंग

रायपूरच्या ट्रकवाल्यांच्या तोंडी 'मॅपिंग' हा शब्द आला की त्याचा नकाशाशी काही संबंध नसतो. इंजिनाचा कारभार पाहणारा जो छोटा संगणक असतो, ज्याला ही मंडळी ईसीएम म्हणतात, त्यातली कंपनीची फाइल काढून दुसरी भरायची, याचं नाव मॅपिंग. एक लॅपटॉप, एक केबल, तासाभराचं काम. पाना लागत नाही, हाताला ग्रीस लागत नाही, गाडी बाहेरून जशीच्या तशी दिसते. चढावर मात्र ती 'उठते'.

माझ्या मावसभावाची गाडी अशी होती. दहा चक्क्यांची, कर्जावर घेतलेली, एकुलती एक. मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. बलौदाबाजारकडे सिमेंट भरायचं, जगदलपूरला उतरवायचं, येताना मिळेल तो माल. या वाटेवर केशकालची घाटी लागते, बारा वळणांची. भरलेली गाडी तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते आणि मागे हॉर्नची रांग लागते. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारनं एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दहा चक्क्यांची गाडी 25 टनांवरून एकदम 28.5 टनांवर गेली. तेव्हापासून भरणारा सगळं वजन मागतो, भाडं मात्र टनाच्या हिशेबात वाढतंच असं नाही. वेळ वाचला तर महिन्यात एखादी खेप जास्त होते, आणि त्या खेपेवर हप्ता निघतो. हौस म्हणून मॅपिंग करणारी पोरं वेगळी, त्यांच्या गाड्या वेगळ्या.

शिवाय मॅपिंगवाल्याच्या बोलण्यात एक खरी गोष्ट असते, म्हणून तो पटतो. कंपनी एकच इंजिन दोन-तीन वेगवेगळ्या ताकदींत विकते, आणि पुष्कळदा फरक बराचसा फाइलचाच असतो. 'तुमच्या इंजिनात ताकद आहेच, कंपनीनं कुलूप लावलंय.' हे ऐकून कुणाला चीड येणार नाही?

कुलूप कशाला लावलं होतं, हे तो सांगत नाही. नवी फाइल काय करते, तर प्रत्येक फेऱ्याला डिझेल थोडं जास्त सोडते, टर्बोचा दाब वाढवते, धूर आणि टॉर्क यांवर घातलेल्या मर्यादा सैल करते. सपाट रस्त्यावर याचा काहीच त्रास होत नाही. त्रास होतो तो लांब चढावर, पूर्ण भारात, एप्रिल-मेच्या उन्हात. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असेल तर लक्षात ठेवावं की शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि सिलिंडरच्या आतला जाळ त्याच्या कितीतरी वर असतो. पिस्टन टिकतो तो खालून उडणाऱ्या तेलामुळे आणि रिंगांवाटे बाहेर जाणाऱ्या उष्णतेमुळे. म्हणजे उष्णता येते किती आणि जाते किती याचा हिशेब जुळतो, म्हणून. कंपनीनं शिल्लक ठेवलेली ताकद ही या हिशेबातली गंगाजळी असते: वाईट डिझेल, तुंबलेला रेडिएटर, जास्तीचं वजन, अशा अडीअडचणींसाठी. मॅपिंगवाला ती रोजच्या खर्चाला काढून देतो.

केशकालच्या सातव्या की आठव्या वळणावर गाडीनं पांढरा धूर टाकला आणि ती बसली. उघडली तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा माथा मेणबत्तीसारखा ओघळलेला होता, आणि टर्बोही गेलेला. गाडी वॉरंटीत होती. तिला ओढून आणायच्या आधीच मॅपिंगवाल्यानं फोनवर धीर दिला होता, 'जुनी फाइल परत टाकून देतो, कुणाला कळणार नाही.' त्यानं टाकलीही. पण अनेक ईसीएमांत फाइल किती वेळा लिहिली याची मोजणी राहते, शेवटी केव्हा लिहिली हेही राहते. फाइल जुनी, पण आकडा दोननं पुढे. जॉब कार्डावर फोरमननं दोन शब्द लिहिले आणि दावा संपला.

मग तो माझ्याकडे आला. मी कागदपत्रांची भाषांतरं करते, हे चौबे कॉलोनीत आमच्या मराठी घरांना ठाऊक आहे. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेले तरी एखादं वारसाचं पत्र पर्समध्ये घेऊन परतते. तो म्हणाला, "ताई, तू फक्त इंग्रजीत कडक लिही. मॅपिंगचं नाव काढू नको."

मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, नाव काढल्याशिवाय हे पत्र होणारच नाही. ते त्यांच्या कागदावर आधीच आलंय. आपण लपवलं की आपली बाकीची खरी वाक्यंही खोटी ठरतील. तो बराच वेळ बोलला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते. घरातली दोन माणसं त्या गाडीवर जेवतात आणि तिसरा क्लिनर.

वॉरंटीची पुस्तिका मी त्या रात्री पूर्ण वाचली. एक गोष्ट मला खटकली. दावा नाकारताना पिस्टन आणि टर्बोपुरतं बोलून ते थांबले नव्हते. गाडीची सगळी वॉरंटी संपली असं लिहिलं होतं. त्याच गाडीचा पॉवर स्टीअरिंगचा पंप महिनाभर गळत होता, त्याची तक्रार मॅपिंगच्या आधीची. जास्तीच्या डिझेलनं पिस्टन वितळू शकतो, क्लच घासू शकतो, हेड गॅस्केट उडू शकतं. आधीपासून गळणारा स्टीअरिंगचा पंप त्यानं बिघडला, असं म्हणायचं तर ते दाखवून द्यावं लागेल.

मॅपिंगवाल्याचं म्हणणं, अमेरिकेत कंपनीला असं नाकारताच येत नाही. हे अर्धवट ज्ञान तिथून इथवर कसं आलं कोण जाणे. तिथे 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे खरा. बाहेरचा सुटा भाग लावला एवढ्यावर कंपनी हात झटकू शकत नाही. पण बदलामुळेच नुकसान झालं असेल तर नाकारू शकते, आणि तो कायदा घरगुती वापराच्या वस्तूंचा, सिमेंट वाहणाऱ्या ट्रकांचा नव्हे.

आपल्याकडची वाट वेगळी आहे, आणि मला ती जास्त माणसाळलेली वाटते. व्यवसायासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर ठरतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हे आहे. त्याआधी 1995 साली लक्ष्मी इंजिनियरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं याच अपवादाचा अर्थ लावला. दावा करणारी संस्था हरली, पण निकालात उदाहरण दिलं ते ट्रकचं: स्वतः चालवायला ट्रक घेणारा माणूस ग्राहक आहे. हे वाक्य मी भावाला हिंदीत आणि मराठीत, दोन्हींत वाचून दाखवलं. "म्हणजे मी दुसरा ड्रायव्हर ठेवला असता तर?" त्यानं विचारलं. तर वाद अवघड झाला असता, म्हटलं.

दुसरी बाजूही मी त्याला ऐकवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यानं यूरिया बंद करून घेतला नव्हता, एवढं बरं. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायला यूरियाचं द्रावण लागतं. ते न भरताही गाडी चालावी अशी फाइल मिळते. तसलं पत्र मी लिहिलं नसतं. सिलतरा-उरल्याची काळी धूळ गच्चीवरून रोज झाडणाऱ्या बाईला यात मतं असणारच.

पत्र दीड पानांचं झालं. पहिल्याच परिच्छेदात मॅपिंग कबूल केलं, तारखेसह. पिस्टनबद्दल एवढंच मागितलं की कारण ठरवायला त्रयस्थ तज्ज्ञाची तपासणी व्हावी, कारण इंजेक्टर गळत राहिला तरीही पिस्टन असाच वितळतो आणि इंजेक्टर कुणी तपासलेच नव्हते. स्टीअरिंग पंप मात्र बिनशर्त मागितला. सही करताना भाऊ म्हणाला, "आपणच आपल्या गळ्यात फास घालतोय." तरी त्यानं सही केली.

सहाव्या आठवड्यात पंप बदलून देण्याचं उत्तर आलं. इंजिनाबद्दल नकार कायम. मग त्यानं जिल्हा आयोगात तक्रार केली आहे, तारीख पडायची आहे. तोवर तो दुसऱ्याच्या गाडीवर, त्याच वाटेवर आहे. इंजेक्टर आणि ओघळलेला पिस्टन आम्ही लेखी पोच घेऊन सोडवून आणले. ते सिमेंटच्या पोत्यात बांधून माझ्या जिन्याखाली ठेवलेत, चिठ्ठी चिकटवून. कामवाली बाई दर सोमवारी विचारते, हे भंगारात टाकू का. मी म्हणते, त्याला हात लावू नकोस.